दोन ब्रेकची गाडी

गाडी तिला स्वस्तात मिळाली होती. पण गाडीबरोबर मास्तरही येणार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, जुनी. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक होता. निघायच्या सकाळी ती पावाचे साचे घेऊन खाली आली, तर शेजारच्या सीटवर एक उंच तरुण पट्टा लावून बसलेला. मांडीवर थर्मास.

"तुम्ही कोण?"

"या गाडीचा मास्तर. तुमच्या दादांनी पाठवलंय."

"कशाला?"

"सोबतीला..." तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला. याला खोटं बोलता येत नाही, हे तिला तिथेच कळलं.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी तिने बेकरीसाठी गाळा घेतला होता. कणीक मळायचं यंत्र चादरीत गुंडाळून मागच्या सीटवर बांधलं होतं. घरात हे कुणालाच पसंत नव्हतं. दादा तर छातीठोकपणे म्हणाला होता, "डोंगर लागला की रडत परत येशील."

"उतरा," ती म्हणाली.

"उतरतो. पण हिचा दुसरा गिअर अडतो, आणि तो कसा टाकायचा ते फक्त मला माहीत आहे."

तिने किल्ली फिरवली. "बसा. पण तोंड बंद."

तोंड त्याने बंद ठेवलं. पाय नाही ठेवला. समोर ट्रक दिसला की पाय ब्रेकवर. वळण आलं की पाय ब्रेकवर. गाडी गचके खायची, मागे साचे खणखणायचे आणि तिचा पारा चढायचा.

"मास्तर, पाय!"

"सवय आहे हो..."

"मी तुमची विद्यार्थिनी नाही."

"असता तर पास केलं नसतं."

"असते तर मीच स्कूल बदललं असतं!"

तो हसला. त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. ती रस्त्याकडे बघत होती — तरी तिला दिसली.

दुपारी टायर बसला. शेतातून दोन बायका जॅक घेऊन धावत आल्या. चाक बदलेपर्यंत या दोघांचं भांडण ऐकून त्यातली थोरली म्हणाली, "नवराबायको ना?"

"छे!" दोघं एकदम म्हणाले.

"मग आत्ताच इतकं छान भांडता? पुढे काय करणार?" आणि जाताना तिने पिशवीभर टोमॅटो दिले.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या पायथ्याशी एक खानावळ लागली. बाकं बाहेर, झाडाखाली. म्हातारा मालक स्वतःच रांधून स्वतःच वाढत होता. त्याने गरम सूप आणि पाव पुढे ठेवला, तेवढ्यात मास्तरचा फोन वाजला. दादाचा आवाज बाकाच्या या टोकापर्यंत पोचला.

"डोंगर आला ना? आता स्टिअरिंग तू घे, आणि फिरव गाडी माघारी. ठरलंय तसं."

मास्तरने फोन ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता.

तिने किल्ली बाकावर आपटली. "घ्या. आहे हिंमत? पण ऐकून ठेवा, तुम्ही गाडी न्याल, मी नाही जायची. यंत्र डोक्यावर घेऊन चालत डोंगर चढेन."

"चढालही..." तो पुटपुटला.

म्हातारा फडक्याला हात पुसत तिथेच टेकला. "आमची ही पण अशीच होती. गाडी तीच चालवायची. सुसाट. सगळे म्हणायचे, तिच्या हातात गाडी देऊ नकोस. मी दिली."

"भीती नाही वाटायची?" मास्तरने विचारलं.

"वाटायची की! पण चालवताना ती गुणगुणायची. घरात कधीच नाही, फक्त गाडीत. मी स्टिअरिंग घेतलं असतं तर ते मला ऐकायला मिळालं नसतं." त्याने डोंगराकडे पाहिलं. "आता मीच चालवतो. गाडीत नुसतं इंजिन ऐकू येतं... पाव घ्या अजून. गार होतोय."

मास्तरने किल्ली उचलली. त्याने ती तिच्या ताटाशेजारी ठेवली.

गाडी घाट चढत गेली. माथा आला. खाली रस्ता उतरत, वळत गेलेला. समोरून लाकडांनी भरलेला ट्रक आला. तिने गचक्याची वाट पाहिली. गचका बसलाच नाही. तिने स्वतः वेग कमी केला, ट्रक जाऊ दिला, वळण घेतलं. मग आणखी एक. आपण काहीतरी गुणगुणतोय, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

तिने हळूच शेजारी पाहिलं. एवढा उंच माणूस सीटवर मांडी घालून बसला होता. एक गुडघा दाराला टेकलेला, दुसरा गिअरला लागू नये म्हणून हाताने धरलेला. दोन्ही पाय वर.

"हे काय, मास्तर?"

"पाय ऐकत नाहीत. म्हणून बांधून ठेवलेत." त्याच्या कपाळावर घाम होता. "तुम्ही थांबू नका..."

"गाडी?"

"गाडी नाही. गाणं."

तिचे कान तापले. "समुद्र दिसला की उतराल ना?"

"उतरेन की. साचे कोण उचलणार?"

फोन पुन्हा वाजला. त्याने तो कानापासून लांबच धरला.

"उतरली का गाडी डोंगर?" दादा ओरडला.

"उतरतेय, दादा. पलीकडच्या बाजूने."

"काय? आणि तू? तू कधी परत येणार?"

मास्तरने तिच्याकडे पाहिलं. खळी पडली.

"मी काय सांगू, दादा? गाडी त्या चालवतायत."