चौदा टाळ्या

"थांबा! आहात तिथेच थांबा!"

ठकू जिन्याच्या पहिल्याच पायरीवरून इतक्या जोरात ओरडली की हातातला चहा मनगटावर सांडला. समोरून एक उंच माणूस उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर तोलत, दोन-दोन पायऱ्या गाळत धावत उतरत होता. लॅपटॉप चालू होता आणि त्याच्या पोटातून आवाज येत होता... टक्. टक्. टक्.

मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात नऊ वर्षं काढलेल्या ठकूला तो आवाज चांगलाच ओळखीचा होता. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अहो, चालू डिस्क घेऊन उड्या कसल्या मारताय?"

"बॅकअप होत नाहीये... म्हटलं, लवकर पोचलो तर—"

"तर ती लवकर मरेल!" तिने चहा पायरीवर ठेवला, एका हाताने त्याचा हात धरला आणि दुसऱ्याने बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला, टकटक थांबली.

"बंद केलंत?" त्याचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते.

"वाचवलं," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण अजून त्याचा हात धरून उभ्या आहोत.

तो तिसऱ्या मजल्यावरचा वाचक होता. तिथे अंधांसाठीचं वाचनालय आहे आणि एका बंद खोलीत बसून कुणीतरी दिवसभर पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करतं, एवढं तिने ऐकलं होतं. माणूस मात्र आज पहिल्यांदा दिसला. आवाज खालचा, ऊबदार, प्रत्येक शब्द नीट पुसून समोर ठेवल्यासारखा. असल्या आवाजाच्या माणसाने इतकं बावळटासारखं धावावं, याचंच तिला नवल वाटलं.

"मुलं अकरा आहेत," दुकानातल्या स्टुलावर बसत तो म्हणाला. "सगळी कायद्याला आहेत, सगळी न बघणारी. सोमवारी पेपर. एका विषयाचं पुस्तक त्यांना कुठल्याच रूपात मिळत नव्हतं, म्हणून मी वाचलं. नऊ प्रकरणं. तेवीस दिवस. सगळं ह्याच्यात आहे."

"आणि दुसरीकडे?"

"संध्याकाळी सहाला बॅकअप आपोआप सुरू होतो ना... म्हणजे, व्हायचा."

आज गुरुवार होता. ठकूने कानामागचा पेचकस काढला, डिस्क बाहेर घेतली आणि स्वतःच्या यंत्राला अशी जोडली की तिच्यावर नवं काही लिहिलं जाऊ नये. मग बॅकअपची नोंदवही उघडली. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि ती सर्दच झाली. तेवीस दिवस रोज सहा वाजता तोच निरोप आला होता. 'असंच' नावाची फाईल वाचता आली नाही. बॅकअप अपूर्ण. आणि तेवीस वेळा कुणीतरी 'ठीक आहे' दाबलं होतं.

"ठीक आहे? ह्यात ठीक काय आहे?"

वाचक खाली मान घालून बसला. "मला वाटलं, एकच फाईल राहतेय."

"अहो, ती नावांच्या क्रमाने सगळ्यात पहिली येते! ती वाचता आली नाही की हा प्रोग्रॅम हात वर करून मोकळा होतो. तिच्या पुढचं काहीच घेतलेलं नाही. तुमची जुनी पुस्तकं आधीच्या बॅकअपमध्ये आहेत. ही नऊ प्रकरणं जगात दुसरीकडे कुठेही नाहीत!"

त्याचा चेहरा असा उतरला की ठकूला आपल्या आवाजाची लाज वाटली. आतल्या टेबलावर रेडिओ खोलून बसलेला मामा चष्म्यावरून बघत म्हणाला, "ठकू, गिऱ्हाईक आहे. आरोपी नव्हे."

"ती फाईल आधीच काढून का नाही टाकलीत?" तिने जरा मवाळपणे विचारलं.

"जमलं नाही," तो म्हणाला. कान मात्र लालबुंद झाले. "ती... राहू द्या तुम्ही. बाकीचं वाचवा. ती गेली तरी चालेल."

तिने डिस्कची नक्कल सुरू केली. आधी धडधाकट जागा उचलायच्या, जिथे अडेल तिथे हट्ट न करता पुढे जायचं, आणि खराब जागांकडे सगळ्यात शेवटी वळायचं. घाईने दुरुस्तीचा प्रोग्रॅम चालवला असता तर उरलेलंही गेलं असतं. दर काही मिनिटांनी टक् व्हायचं आणि दोघंही एकदमच दचकायची.

शुक्रवारी सकाळी तो दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होता. "आवाज ऐकून तपासावं लागेल ना? मी बसतो."

मग ते शेजारी शेजारी बसले. इअरफोनचं एक कानातलं तिच्याकडे, एक त्याच्याकडे. पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ सरकत होती आणि मधेच एखादी सुळक्यासारखी उंच जात होती.

"हे काय? इथे बिघडलंय?" तिचा जीव खालीवर झाला.

"नाही, नाही. ती टाळी." त्याने खरोखरच टाळी वाजवली आणि आत मामाच्या हातून पाना पडला. "वाचताना चुकलो की एक टाळी वाजवायची आणि तेच वाक्य पुन्हा वाचायचं. नंतर चित्रात ती उंच दिसते, तिथे कापायचं. आमची पद्धतच आहे."

"म्हणजे तुमच्या चुका लांबूनही दिसतात."

"जवळून तर फारच दिसतात," तो म्हणाला, आणि ठकूने उगाचच पडद्याकडे जास्त लक्ष दिलं.

शनिवारी दुपारपर्यंत नऊच्या नऊ प्रकरणं बाहेर आली. सातव्यात तेवढी आठ सेकंदं कोरी होती. ती त्याने दुकानातच, पंखा बंद करून, मामाला श्वास रोखायला लावून पुन्हा वाचली. सगळं दोन ठिकाणी उतरवून झालं, मुलांकडे पोचलं, आणि दोघांचा जीव भांड्यात पडला. वाचक थँक्यू म्हणाला. दारापर्यंत गेला आणि तिथेच घुटमळला.

"ती... ती एक फाईल. निघाली का हो?"

"गेली तरी चालेल म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो," तो म्हणाला आणि वर निघून गेला.

ठकू कितीतरी वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिली. उद्यापासून कानातलं अर्धं अर्धं वाटून घ्यायला कुणी येणार नव्हतं. तिला ते अजिबात आवडलं नाही. मग तिने त्या मरायला टेकलेल्या डिस्ककडून खराब जागा एकेक करून मागून घेतल्या. चार वाजता 'असंच' निघाली, शेवटचा तुकडा सोडून. गिऱ्हाइकाचं खाजगी काही ऐकायचं नाही हा दुकानाचा नियम. तिने आवाज बंद ठेवून फक्त रेघ उघडली.

सुळके. एकामागून एक. तिने मोजले. चौदा.

अख्ख्या कायद्याच्या पुस्तकात हा माणूस एका प्रकरणाला फार तर पाच वेळा चुकला होता. असं कोणतं वाक्य होतं की त्याची चौदा वेळा बोबडी वळावी? कुणासाठी होतं ते? कुणासाठी का असेना, ती नशीबवान आहे, असं तिला वाटलं.

तिने वर निरोप पाठवला. तो आला. या वेळी चालत.

"निघाली. मी ऐकलेली नाही," ती कोरडेपणाने म्हणाली. "टाळ्या तेवढ्या दिसल्या. शेवटची काही सेकंदं गेली आहेत, ती आता येणार नाहीत."

तो पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने एक कानातलं उचलून तिच्यापुढे धरलं. "ऐका."

"खाजगी आहे ना?"

"आहे. म्हणूनच."

तिने कानातलं लावलं. तोच आवाज, पण थरथरणारा. "...वाचून झालं की मी खिडकीत उभा राहतो. तळमजल्यावरच्या दुकानातल्या त्या... ज्या पेचकस कानामागे खोचतात आणि बिघडलेल्या यंत्रांशी बोलतात..."

ठकूचा हात आपोआप कानामागे गेला. पेचकस तिथेच होता.

"...त्यांना मला सांगायचंय की—" टाळी. "सांगायचंय की मला—" टाळी. "मी रोज ठरवतो की आज—" टाळी. अशा चौदा. मग एक मोठा श्वास, "आता नाही चुकणार," आणि... शांतता. पुढचं डिस्कने गिळलं होतं.

"तेवढंच नीट जमलं होतं," वाचक अगदी हळू म्हणाला. "म्हणून काढून टाकवेना."

"मग आता?" तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना.

"आता काय... पुन्हा वाचावं लागेल." त्याने समोर बघितलं. या खेपेला तिच्याकडे. "मला तुम्ही आवडता. खूप. तीन वर्षांपासून. तुमच्याबरोबर राहावं, म्हातारं व्हावं, असं वाटतं."

आत मामाने रेडिओचा आवाज एकदम मोठा केला.

ठकूचे डोळे काठोकाठ भरले. मग तिने दोन्ही हात वर उचलले आणि एकच टाळी वाजवली.

तो पांढराफटक पडला. "चुकलं?"

"नाही," ठकू म्हणाली. "पुन्हा ऐकायचंय."