साखळी मिळणार नाही

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला होता, आणि तरी हसत होता. मला अशा माणसांचा राग येतो. गाडी कुठेतरी फसलेली, आतली माणसं खोळंबलेली, आणि ह्यांचे दात काही आत जात नाहीत.

"हूकवाली साखळी द्या. पंधरा फूट," तो म्हणाला.

"कायले पाह्यजे?"

"गाडी ओढाले."

"मंग नाही मिळत."

बाहेर भादव्याची झड लागली होती. पत्र्यावरून पडणारी पाण्याची धार नेमकी त्याच्या डाव्या खांद्यावर येत होती, पण तो सरकला नाही. त्याने माझ्या डोक्यावर टांगलेल्या साखळ्यांकडे बोट केलं.

"ह्या काय शोभेच्या हायेत?"

"सामान बांधाले हायेत. लाकडं बांधा, फाटक बांधा, बैल बांधा. ओढाले देत नाही मी."

"अन् मी म्हनलं, बैल बांधाचा हाय... तर?"

"तर मी म्हनीन, बैल दाखवा."

तो एवढ्या जोरात हसला की समोरच्या चहावाल्याने मान वळवून पाहिलं. मी हसले नाही. म्हणजे... त्याला दिसेल असं हसले नाही.

आमचं दुकान मुकुटबनच्या बाजारात. दोर, साखळी, पुली, ताडपत्री, खिळे. माझे बाबा, धर्मपाल मिस्त्री, दुकान टाकण्याआधी ट्रकच्या एका गॅरेजात कामाला होते. तिथे फसलेला ट्रक साखळीने ओढताना ड्रायव्हरने घाईघाईत झटका दिला, हूक सुटला आणि बाबांचा उजवा डोळा गेला. मी तेव्हा सातवीत होते. त्यानंतर बाबांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. ओढायला साखळी विकायची नाही आणि ड्रायव्हरला पोरगी द्यायची नाही. पहिली ते गिऱ्हाइकांना सांगत, दुसरी मला.

मी आतून नारिंगी नायलॉनचा पट्टा आणून त्याच्यापुढे टाकला.

"गाडी कोनती?"

"काळी-पिवळी. मुकुटबन ते वणी."

"मानसं किती भरता?"

"कायद्यानं सांगू का खरं सांगू?"

"खरं."

"चौदा," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच जरा खाली पाहिलं.

"मंग हा घ्या. हा बिल्ला शिवला हाय, पाहा. किती टन झेपते ते लिहिलं हाय. गाडीच्या भरल्या वजनाच्या तिप्पट पाह्यजे. बिल्ला नसलेला पट्टा कोनी फुकट देल्ला तरी घ्याचा नाही. साखळी लांबत नाही, तुटली का सरळ तोंडावर येते. पट्टा थोडा लांबते, झटका पोटात घेते. दोन्ही टोकाले शिवलेले फासे हायेत, म्हनून गाठ माराची नाही. गाठीनं पट्ट्याचा अर्धा जीव जाते."

"अन् हूक?"

"हूक नाही. हे डी-शॅकल, पिनची लोखंडी कडी. चेसीले लावाचं, बंपरले नाही. पिन पुरी आवळाची, मंग पाव आटा मांगं घ्याची, नाहीतर चिखलात जाम होते. पट्ट्यावर मधात ओलं बारदान टाकाचं. तुटलाच पट्टा, तर बारदानाच्या वजनानं खाली बसते. अन् मानसं पट्ट्याच्या दीडपट लांब."

"कोनती मानसं?"

"सगळी."

"पाव आटा मांगं... दीडपट लांब..." तो पुटपुटला. आता तो हसत नव्हता. पट्ट्याकडेही पाहत नव्हता. "तुमाले एवढं कोनं शिकवलं?"

मी नुसती मान वळवली. आत बाबा पुलीला ग्रीस भरत बसले होते. त्याने त्यांचा डोळा पाहिला, आणि एक अक्षर विचारलं नाही. लोक विचारतातच. ह्याने पैसे दिले आणि पट्टा खांद्यावर टाकून पावसात निघून गेला.

चार दिवसांनी आला. सुतळी हवी होती. मग दोन खिळे. मग परत सुतळी.

"एवढ्या सुतळीचं करता काय?" मी विचारलं.

"माह्या मायनं बी हेच विचारलं."

"मंग काय सांगितलं तिले?"

"म्हनलं, दुकानदारीन भारी हाय. खाली हातानं येऊ देत नाही."

नाव धम्मरत्न. वडील नाहीत, घरी आई, गाडी हप्त्यावर घेतलेली. दसरा झाला, दिवाळी झाली, कापूस घरात आला. पण त्या साली भाव नव्हता, आणि कापसाला भाव नसला की आमच्याकडे ना दुकानात गिऱ्हाईक असतं ना गाडीत सवारी. दोघांकडेही वेळ होता. तो चहा दुकानाच्या पायरीवर बसून प्यायचा आणि कप परत देताना बोटं लागणार नाहीत इतक्या सांभाळून द्यायचा. एकदा लागली... मग दोघांनीही साखळ्यांकडे पाहिलं.

फाल्गुनात तो म्हणाला, "तुमच्या बाबाले विचारू का?"

"नाही म्हनतीन."

"जातीचंच स्थळ हाय, व्यसन नाही. काहून नाही म्हनतीन?"

मी सांगितलं. गॅरेज, झटका, हूक, सगळं. त्याने रिकामा कप पायरीवर ठेवला.

"मी झटका देत नाही, उर्वशी."

"सगळे ड्रायव्हर हेच म्हनतात."

मला तो आवडत होता. आवडत होता म्हणजे काय, दुपारी दोनच्या सुमारास काळी-पिवळीचा हॉर्न ऐकू आला नाही की मी वजनात चुकत असे. पण बाबांच्या डोळ्यावरची पट्टी चाळीस दिवस मी बदलली होती. दुकानात माझं ऐकून घेणं सोपं आहे. रस्त्यावर चौदा माणसं "चाल न बे" म्हणून ओरडत असताना हा काय करतो, ते मी कुठे पाहिलं होतं? तेच मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याला लागलं. तरी दुसऱ्या दिवशी दोन वाजता हॉर्न वाजलाच.

वैशाखात पुसदहून स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, पगार पक्का. रविवारी पाहायला येणार असं ठरलं आणि बाबा त्या आनंदात दुकानाला रंग द्यायला निघाले. मला रविवारच्या आत बोलायला हवं होतं. पण बाबांना सांगायचं काय, ते माझंच ठरत नव्हतं.

त्याआधीच्या गुरुवारी माझ्या मामेभावाचं लग्न होतं. त्या साली आमच्या भागात वऱ्हाडाला बस करणं कोणाला परवडत नव्हतं. हिवाळ्यात ज्या मेटाडोरमधून कापूस जिनिंगला जायचा, त्याच शंकरसिंगच्या मेटाडोरमध्ये आम्ही चाळीस जण उभे होतो. बाबा आणि नवरदेव पुढे. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. समोरून बैलगाडी आली, शंकरसिंगने मेटाडोर रस्त्याखाली घेतली आणि मागची चाकं काळ्या मातीत बसली ती बसलीच.

"बारा वाजता लगन हाय, बापा! पत्रिकेत छापलं हाय!" प्रभावतीमामीने, म्हणजे नवरदेवाच्या आईने, कपाळावर हात मारला. साडेअकरा झाले होते.

तेवढ्यात मागून काळी-पिवळी आली. उरलेलं वऱ्हाड तिच्यात होतं, आणि ती कोण चालवतंय हे मला हॉर्नवरूनच कळलं. धम्मरत्नने गाडी मेटाडोरच्या पुढे, पक्क्या मुरमावर नेऊन उभी केली आणि सगळ्यांना खाली उतरवलं.

शंकरसिंगने सीटखालून जाड पिळाची लोखंडी तार काढली. "जिनिंगमदली हाय. लोखंड हाय, तुटत नाही. लाव आन् दे एक झटका!"

आमच्याकडे हे सगळेच मानतात. जिनिंगमध्ये जी तार चालते, ती कुठेही चालते. धम्मरत्नने तार उन्हात धरून पाहिली. जागोजागी तिचे पीळ तुटून काड्या निघाल्या होत्या.

"ही नाही," तो म्हणाला, आणि तार दूर शेताच्या धुऱ्यावर ठेवून आला.

मग त्याने फावडं मागितलं. चाकांपुढचा चिखल काढला. शेताच्या कडेला जाळायला रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या आणून चाकाखाली दाबल्या. लोक कुरकुरत होते, कोणी म्हणालं, ड्रायव्हर हाय का माळी. तो गुडघ्यावर बसून चेसीला शॅकल लावत होता. मी लांबून पाहत होते. त्याने पिन आवळली... आणि पाव आटा मागे घेतली. त्याचे ओठ हलत होते.

पट्टा लागला, ओलं बारदान पडलं, वऱ्हाड निंबाच्या झाडामागे गेलं. शंकरसिंग मेटाडोरच्या स्टेअरिंगवर बसला, धम्मरत्न आपल्या गाडीत. आणि तेव्हा बाबा पुढे आले. गॅरेजात रीतच होती ती. ओढताना मिस्त्री हूकपाशी उभा राहतो आणि हाताने इशारा देतो. डोळा गेला तरी सवय गेली नव्हती. ते पट्ट्यापासून दोन हातांवर उभे राहिले, तेही असे की पट्टा त्यांच्या आंधळ्या बाजूला, आणि हात वर केला. "हां, ओढ!"

धम्मरत्नने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला.

"बाबा, तुमी मांगं व्हा."

"मी मिस्त्री हाय. मी इशारा देतो, तू ओढ."

"इशारा शंकरसिंगभाऊ देतीन, आतून. तुमी निंबाजवळ जा."

"मले शिकवून राह्यला का रे? तो पट्टा माह्याच दुकानातला हाय!"

"म्हनूनच सांगून राह्यलो."

कोणीतरी फिसकन हसलं. बाबांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत त्यांना असं कोणी बोललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. संपलं, मला वाटलं. आता हा माणूस आमच्या घराची पायरी चढत नाही.

"अरे ओढ न बापा, बारा वाजले!" मामी ओरडली.

"बुढा नाही सरकत तर राहू दे तिथंच," आणखी कोणी म्हणालं. "हळू काढ."

धम्मरत्नने गाडीत हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली. "बाबा, तुमी माह्यावर रागवा. मले पोरगी देऊ नका, चालते. पन तुमी तिथं उभे असताना मी ही गाडी ओढत नाही."

मग चाळीस माणसांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. धम्मरत्नलाही आपण काय बोललो ते तेव्हाच कळलं असावं, कारण त्याने जीभ चावली. मला धरणीने पोटात घ्यावं असं व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. मी ताठ उभी राहिले. हाच, मला वाटलं. मला हाच माणूस हवा आहे.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग धोतराचा सोगा सावरत निंबाकडे चालत आले. ते झाडामागे पोचेपर्यंत धम्मरत्न जागचा हलला नाही.

मग त्याने किल्ली लावली. पट्टा हळूहळू वर उठला, सरळ झाला, ताठ झाला. पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या आणि मेटाडोर एकेक वीत करत रस्त्यावर आली. काही तुटलं नाही, काही उडलं नाही. नवरदेवाचे बूट तेवढे खराब झाले.

लग्न एक वाजता लागलं. जेवणाच्या पंगतीत बाबा माझ्याशेजारी बसले. बायका माझ्याकडे बघून कुजबुजत होत्या. मी मान खाली घालून बुंदीचा एकेक दाणा खात होते.

"त्या दिवशी गॅरेजात आठ जन होते," बाबा अचानक म्हणाले. "आठही जन मले ओळखत होते. एकानंही मले मांगं हो म्हनलं नाही."

मी हात थांबवला. त्यांच्या चांगल्या डोळ्यात पाणी होतं.

"तुह्या मनात हाय का तो?"

"हाय."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"मलेच पुरं माईत नव्हतं, बाबा. आज झालं."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पुसदवाल्यायले फोन करतो मी संध्याकाळी. उगाच पेट्रोल जाळून येतीन बिचारे."

मी हात धुतले आणि मांडवाबाहेर आले. काळी-पिवळी परतीच्या सवारीसाठी इंजिन चालू ठेवून उभी होती. धम्मरत्न स्टेअरिंगवर पडेल चेहऱ्याने बसला होता. मला पाहताच त्याने सुरू केलं, "उर्वशी, माफ करा. तोंडातून निंघून गेलं. तुमची फजिती केली मी, तुमच्या बाबाची बी. मी उद्या दुकानात येऊन पाय धरतो त्याहिचे—"

"मले तुमच्यासंगं लगन कराचं हाय," मी म्हटलं.

गाडीतल्या दोन म्हाताऱ्या खिडकीतून पुढे वाकल्या.

मग त्याने इंजिन बंद केलं. गाडी गिअरमध्ये टाकली. हँडब्रेक ओढला, नीट बसला का ते हाताने पाहिलं. दार उघडून खाली उतरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"आता म्हन," तो म्हणाला. "पुन्हा एकदा म्हन तू."

मी पुन्हा म्हटलं.