सगळ्यांनी उतरायचं

चौऱ्याहत्तर सालची थंडी. कन्हान नदीच्या वाळूत उभी राहून प्रेमिला संत्रं सोलत होती... आणि मागून एक लांबलचक तोंड आलं नि संत्रं गायब!

ती ओरडली नाही. नुसती खिळून उभी राहिली.

"माफ करा बाई, ही आमची राणी. संत्र्यापायी इमान विकते," घोडीचा लगाम धरून एक तरुण हसत होता.

"चोरटी आहे तुमची राणी," प्रेमिला म्हणाली, पण श्वास परत आल्यावर.

त्याचं नाव रविंद्र. कामठीला घरचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. आणि नशिबाची गंमत पाहा, प्रेमिलाला घोडेच हवे होते! नागपुरात मुलींच्या शाळेत ती शिकवायची. यंदा सहलीला काय करायचं, असं विचारल्यावर तिच्या गर्ल गाइड पथकातल्या मुली एकसुरात म्हणाल्या होत्या, "घोड्यावर बसायचं!" मोठ्या बाईंनी परवानगी दिली ती बजावूनच. एकीलाही लागलं, तर यापुढे मुलींच्या सहली बंद. आपल्याला लहानपणापासून घोड्याची धडकी भरते, हे प्रेमिलाला मात्र कोणालाच सांगता आलं नाही.

मग दर रविवारी नदीकाठच्या चहाच्या टपरीवर बेत शिजू लागला.

"बँड वाजो का फटाके फुटोत, आमचे घोडे बुजत नाहीत," रविंद्र सांगायचा. "फक्त पाठीवर नवरदेव नसला, का त्याइले करमत नाही."

"पोरींले नवरदेव नको, सहल पायजे."

"अन् बाईंले?"

"बाईंले नियम पायजे!"

नियम तिनं भराभर सांगितले. आदल्या दिवशी वाळू काठीनं ठोकून पाहायची. ओळ मोडायची नाही, दौडायचं नाही. आणि एक घोडा जरी लंगडला, तरी सगळ्यांनी उतरून पायी परतायचं.

"एक लंगडला तं सगळ्यांनी काहून उतरायचं? सहल आहे का मोर्चा?"

"एकीनं मागं राहायचं अन् बाकीच्यांनी पुढं जायचं... मले नाही चालत ते."

रविंद्र तिच्याकडे पाहतच राहिला. चहा निवून गेला. मग म्हणाला, "एक नियम माहाही. घोडा पायानं वाळू उकरून राहिला, तं टाच मारून त्याले पुढं काढा. नाही तं सवारासकट लोळते."

सहलीच्या सकाळी सगळं कसं छान जमलं होतं. पुढे राणीवर रविंद्र, मधे खिदळणाऱ्या मुली, शेवटी प्रेमिला. पाणी जवळ आलं आणि तिचा घोडा थांबला. मान खाली घालून वाळू उकरू लागला. टाच मारायची, हे तिला ठाऊक होतं... पण पायच हलेनात. ओरडलं तर मुली घाबरतील, घोडे उधळतील, सगळंच संपेल.

तेवढ्यात रविंद्रनं मागे वळून पाहिलं. नजरेला नजर भिडली, आणि तो टुणकन खाली उतरला.

"अरेच्च्या! राणी लंगडून राहिली! बाईंचा नियम पोरींनो, सगळ्यांनी उतरायचं!"

बोलता बोलता तो धावत मागे आला. तिच्या घोड्याची मान वर उचलली, हात पुढे केला. तिचे पाय वाळूला टेकले, तरी तो हात तिला सोडवेना.

मुली थोड्या कुरकुरल्या. पण लगाम धरून पाण्यात पाय बुडवत परतताना त्यांना जास्तच मजा आली. कोणालाही साधं खरचटलं नाही. प्रेमिला मात्र वाटभर राणीचेच पाय बघत होती. वरातीत चालावी तशी झोकात चालली होती ती!

मुली बसकडे पळाल्या, तेव्हा ती त्याच्याजवळ आली.

"राणी लंगडत नव्हती."

"नव्हती."

"मी भिते... हे तुमाले कधी समजलं?"

"पहिल्याच दिवशी. संत्रं गेलं तं माणूस ओरडते. तुमी तं श्वासच घेत नव्हत्या."

प्रेमिलाचे डोळे भरून आले. आजवर तिच्या भित्रेपणाला लोक हसलेच होते. यानं तो आपल्या घोडीच्या नावावर घातला होता. "तुमचे लय उपकार झाले," ती कशीबशी म्हणाली. "माह्यावर अन् या पोरींवरही."

"उपकार नका म्हणू. मले एक विचारायचं आहे, पण..." तो लगाम नुसता पिळत राहिला. "आता मीच भिऊन राहिलो."

ती ओल्या डोळ्यांनी हसली. पिशवीतलं संत्रं सोलून अर्धं तिनं राणीपुढे धरलं. ते लांबलचक तोंड जवळ आलं, तरी तळहात मागे घेतला नाही. उरलेलं अर्धं रविंद्रच्या हातावर ठेवलं.

"एक भ्याला, का सगळ्यांनी उतरायचं," ती म्हणाली. "चला, बसपर्यंत पायी जाऊ. सावकाश विचारा... उत्तर हो आहे."