तिच्या खुर्चीत

दिवा जरा अलीकडे सरकव आणि बस. तू स्वतःचा गट सुरू करतेयस म्हणून सांगते, एरवी मी हा विषय काढत नाही.

जोडीदार गेलेल्यांचा गट होता तो. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर व्यायाम करून घेण्याची एक खोली होती, ती संध्याकाळी रिकामी असायची. ती मला मिळाली. गट बांधणं म्हणजे नुसत्या खुर्च्या गोल मांडणं नव्हे, हे तुला माहीतच आहे. आधी प्रत्येकाला एकेकट्याला भेटायचं. कुणाचं दुःख अजून ओलं आहे, कोण दुसऱ्याचं ऐकून घेऊ शकेल, कोण सगळ्यांचा वेळ एकटाच खाईल, ते जोखायचं. मग नियम. मध्ये तोंड घालायचं नाही. न मागता सल्ला द्यायचा नाही. हा दुसरा नियम गटातल्या शिंपीणकाकूंना फार जड गेला. "सल्ला द्यायचा नाही, तर देवानं तोंड दिलंय कशाला?" असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि सगळे हसले. गट तिथंच जमला म्हण ना.

काकूंचा नवरा अपघातात गेलेला. ड्रायव्हरदादांची बायको बाळंतपणात. आणि चष्मेवाल्यांची दम्यानं.

चष्म्याचं दुकान होतं त्यांचं, म्हणून आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणायचो. इस्त्रीचा सदरा, हळू बोलणं. कुणाला रडू फुटलं की पहिला रुमाल त्यांचा पुढे यायचा. काकूंनी तर त्यांना देवमाणूस ठरवून टाकलं होतं. एकच गोष्ट मला खटकायची. बायकोचं मरण ते दर वेळी त्याच शब्दांत सांगायचे. "मी दुकानात होतो. घरी आलो तेव्हा सगळं संपलं होतं." अगं, दुःख माणसाच्या तोंडून रोज वेगळं बाहेर पडतं. एक दिवस राग, एक दिवस उगाचच हसू. यांचं वाक्य मात्र भिंगासारखं घासून गुळगुळीत केलेलं. मला वाटलं, आत काहीतरी अडकलंय, ते मोकळं करायला हवं. म्हणून मी रिकामी खुर्ची ठेवायचं ठरवलं.

गेलेलं माणूस समोरच्या खुर्चीत बसलंय असं समजून त्याच्याशी बोलायचं. मग उठून त्याच्या जागी बसायचं आणि त्याच्या तोंडून उत्तर द्यायचं. साधी रीत. मी कितीदा तरी वापरली होती, आणि लोक हलके होऊन घरी गेले होते.

त्या संध्याकाळी बाहेर मळभ होतं. चष्मेवाले खुर्चीशी छान बोलले. घर ओकंबोकं झालं, चहाला चव राहिली नाही, असं काहीबाही. काकू डोळे पुसत होत्या.

मी म्हटलं, "आता तिच्या खुर्चीत बसा."

ते हसले. "ती काय बोलणार, ताई? गरीब गाय होती बिचारी."

आणि ते बसले.

पहिल्यांदा वास आला. निलगिरीच्या तेलाचा, कोंडलेल्या खोलीतला. मग ट्यूबलाइट जळत असूनही खोलीतला उजेड मंदावला, कुणी वर फडकं टाकावं तसा. आणि त्या उजेडात एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. दाराच्या फटीतून वारा यावा तशी... लांबत जाणारी, मध्येच तुटणारी. मी दाराकडे पाहिलं. शीळ दारातून येत नव्हती. चष्मेवाल्यांच्या छातीतून येत होती.

त्यांचे खांदे वर चढले होते. हात शेजारी काहीतरी चाचपत होता.

"माझा पंप... कुठाय?"

आवाज बाईचा होता. त्यांनी काढलेला नाही. बाईचाच.

सवयीनं मी म्हटलं, "बोला. आम्ही ऐकतोय."

"तुम्हीच उचललात... माझ्या डोळ्यांदेखत. बाहेर गेलात... आणि कडी लावलीत." मध्ये शीळ. "दुकानात नव्हतात तुम्ही. दाराच्या पलीकडेच बसला होतात. मी दारावर थापा मारत होते... आणि तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होतात."

डोळे पुसता पुसता काकूंचा हात थांबला.

"जन्मभर तुम्ही-तुम्ही केलं. आता तू." तो आवाज एकदम खाली उतरला. "माझ्या घरघरीनं तुझी झोपमोड व्हायची. एवढंच ना रे? एवढ्यासाठी...? घे. आता तू ऐक ती घरघर. स्वतःच्या छातीत ऐक."

मग त्याच तोंडातून त्यांचा स्वतःचा आवाज फुटला. "ताई... उठवा मला... उठवा हिच्या खुर्चीतून..."

ड्रायव्हरदादा धावले. बसचं चाक एकट्यानं उचलणारा माणूस तो. त्यांनी दोन्ही दंड धरून ओढलं. ना माणूस हलला, ना ती हलकी प्लॅस्टिकची खुर्ची. चष्मेवाल्यांचे ओठ निळे पडायला लागले.

काकूंनाही दमा होता. श्वासाचा पंप कायम पिशवीत असायचा. "काकू, पंप!" मी ओरडले. त्यांनी तो काढला. आणि मूठ मिटली.

"देऊ?" त्या म्हणाल्या. "तिला कुणी दिला होता?"

इतके दिवस ज्या माणसाला देवमाणूस म्हटलं, त्याच्याकडे त्या अशा बघत होत्या की मला त्या शिळेपेक्षा त्यांची जास्त भीती वाटली. मी त्यांची बोटं एकेक करून उलगडली, पंप हिसकावला आणि चष्मेवाल्यांच्या तोंडात दाबला.

तेव्हा पंप ओठांत असतानाच, अगदी शांतपणे, ती बोलली.

"द्या, द्या. जगू दे. इतक्यात सुटायला नको तो."

त्यांच्या छातीत हवा शिरली. वास गेला. खोली पुन्हा नेहमीसारखी उजळली.

मला कुणाला काही सांगावं लागलं नाही. ते स्वतःच ड्रायव्हरदादांचा हात धरून खाली उतरले आणि थेट पोलीस चौकीत गेले. दादा म्हणाले, "कबुली देताना रडला नाही हो. फक्त एकच विचारत होता, कोठडीत एकटं ठेवणार नाही ना?"

दम लागतो म्हणून त्यांना सरकारी दवाखान्यातल्या कैद्यांच्या वॉर्डात हलवलं. छाती तपासली, फोटो काढले. सगळं स्वच्छ. तरी रोज संध्याकाळी श्वास अडकायचा, मरणाच्या दारापर्यंत न्यायचा आणि परत आणून सोडायचा. दादांकडून हे ऐकून मला वाईट वाटलं नाही, खरं सांगते. मी गट बंद केला आणि दुसऱ्या गावी बहिणीकडे राहायला गेले. त्यांना भेटायला मी एकदाही गेले नाही.

एक दिवस दिवेलागणीला त्या वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला, नंबर तिला ड्रायव्हरदादांनी दिला होता.

"ताई, रागावू नका, आज यायच्या आधीच सांगते, तुमचं येणं आता बंद करा."

"कुठे येणं?"

"इथं. रोज येता, त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसता. तुम्ही बसलात की त्याचा श्वास अडकतो, उठलात की सुटतो. औषधांचा काही उपयोग होत नाहीये."

"सिस्टर," मी म्हटलं, "मी बहिणीकडे आहे. त्या गावात पाऊल टाकून मला कितीतरी दिवस झाले."

पलीकडे तिची पावलं वाजली, वॉर्डाच्या दारापर्यंत गेल्यासारखी. मग कुजबुज.

"मग आत्ता... आत्ता बसलंय ते कोण?"

तिनं फोन बहुधा दारातून आत धरला असावा. लांबून, खाटांच्या पलीकडून, एक बाई बोलताना ऐकू आली. आवाज माझा होता. तोच सूर, इतकी वर्षं घोटून घोटून कमावलेला, मऊ, न रागावणारा.

"छान," तो आवाज म्हणत होता. "आता पुन्हा सांग. अगदी पहिल्यापासून."