पोयाच्या सकाळचा झोका

हंसमालीचं रक्त खडकावरून अजून पुरतं धुतलं गेलं नव्हतं, आणि वर माडावर नवा दोर चढत होता.

सार्जंट इनोका हेट्टिगे जीपमधून उतरली ती जागीच थबकली. समुद्रावर आडवा झुकलेला तो माड, त्याच्या शेंड्याला बांधलेला झोका. गलमुल्लच्या या किनाऱ्यावर आलेला पाहुणा त्यावर बसून फोटो काढल्याशिवाय परत जात नसे. आताही दहा-बारा परदेशी पाहुणे खांद्यावर टॉवेल टाकून रांगेत उभे होते.

"झोका किती वाजता सुरू होईल?" त्यातल्या एकाने तिलाच विचारलं.

इनोकाची कानशिलं तापली. तिने वर बघून आवाज दिला, "उतर खाली! दोर घेऊन उतर, नाहीतर तुलाच त्या दोराने बांधून नेईन!"

झोक्याचा मालक गामिणी विदानपतिरण धावत आला. साठीचा, जाडजूड माणूस. पांढरा सदरा, कमरेला लुंगीसारखा पांढरा सरोंग. दोन्ही पुढून रक्ताने माखलेले. हंसमाली त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिला पाण्यातून त्यानेच उचलून आणलं होतं.

"भाचीला जाऊन दोन तास झाले नाहीत, आणि तुम्ही दुकान मांडताय?"

"मॅडम, माझं डोकं चालत नाहीये." तो सदऱ्यावरचे डाग चोळत म्हणाला. "सगळे म्हणाले, सुट्टीची गर्दी आहे, तुटका दोर लटकलेला बरा दिसत नाही..."

"सगळे म्हणजे कोण?"

गामिणीने किनाऱ्याकडे मोघम हात केला. इथे सगळेच नेहमी असं काहीतरी म्हणत असत.

"तुम्ही पडताना पाहिलंत तिला?"

"नाही. मी विहारात होतो. शील घेऊन, व्रत धरून बसलो होतो. पोरं बोलवायला आली, तसाच धावलो."

"झोका रोज कोण तपासतं?"

"मी. उजाडलं की आधी मी स्वतः लोंबकळतो. नव्वद किलोचा माणूस तोलला, तर पाहुणा तोलेल."

"तुटलेला दोर कुठाय?"

गामिणीने स्वयंपाकघराच्या मागे बोट दाखवलं. नारळाच्या सोडणांचा ढीग पेटवायला रचून ठेवला होता. दोर त्याच्यावरच पडला होता. काडी लावायची तेवढी बाकी होती.

इनोकाने तो ओढून काढला. मनगटाएवढा जाड, तीन पिळांचा. तुटलेलं टोक तिने उन्हात धरलं. एक पीळ पिंजून, ओढला जाऊन तुटला होता. उरलेले दोन सरळ कापलेले होते. कापाच्या तोंडाशी तपकिरी, चिकट काहीतरी भरून वरून वाळू चोळली होती. तिने ते नखाने उकरलं आणि नाकाशी नेलं.

दालचिनी.

तिने ठाणेदार विक्रमरत्नांना फोन लावला.

"साहेब, दोर कापलाय. दोन पीळ कापून एक ठेवला. नुसता लटकला तर धरतो, झोका समुद्रावर गेला की सुटतो. खालून दिसू नये म्हणून काप बुजवलाय."

पलीकडून उसासा आला. "इनोका, खाऱ्या हवेने दोर कुजतात. अपघात लिही आणि मोकळी हो. ऐन सीझन आहे, बाई. कशाला डोकं तापवून घेतेस?"

"कारण पोरीचं डोकं फुटलंय, साहेब."

तिने फोन बंद केला.

तेवढ्यात किनाऱ्यावर गलका उठला. चार-पाच जणांनी शेल्टनला बखोटीला धरून आणलं होतं. शेल्टन माडी काढणारा. या माडावर त्याची वीस वर्षं मडकी लागत. गामिणीने झोक्यासाठी झाड घेतलं आणि शेल्टनला हाकललं. गेल्याच आठवड्यात भर बाजारात तो गामिणीवर ओरडला होता, "एक दिवस तुझा दोर कापून तुला खडकावर आपटेन!"

"माडावर चढून दोर कापणारा दुसरा कोण आहे इथे?" कुणीतरी म्हणालं. "मारायचं होतं गामिणीला, मेली बिचारी पोर!"

शेल्टनचा ओठ फुटला होता. इनोकाने त्याला धरणारे हात झटकून टाकले.

"तूच बोल. कापलास?"

"बोललो होतो. कापला नाही." तो खाली बघत म्हणाला. "ती पोर रोज माझ्या म्हातारीला भाताचा डबा आणून द्यायची, मॅडम. मामाने झाड घेतलं म्हणून तिला वाईट वाटायचं."

"घरी दालचिनी आहे?"

"बायको सोलते. सगळं घर त्याच वासाचं आहे. का?"

उत्तर न देता इनोकाने त्याला जीपमध्ये बसवलं. लोकांना वाटलं, अटक झाली. तिने तसं वाटू दिलं. निदान आणखी मार तरी बसणार नव्हता.

खडकाच्या आडोशाला रंगन बसला होता. सर्फिंग शिकवणारा. उन्हाने विटलेले लांब केस, अनवाणी, सगळ्यांचा लाडका. येत्या एप्रिलात त्याचं आणि हंसमालीचं लग्न ठरलं होतं. मांडीवर बोर्ड आडवा घेऊन तो त्यावर तपकिरी मेणाची वडी घासत होता. गोल गोल, न थांबता. डोळे सुजलेले.

"रंगन, सकाळी कुठे होतास?"

"पाण्यात. उजाडल्यापासून. तिघं शिकाऊ होते बरोबर. आरडाओरडा ऐकला तेव्हा आम्ही पार तिकडे, प्रवाळाच्या पलीकडे होतो." तो घासतच राहिला. "मी पोचेपर्यंत संपलं होतं, अक्का."

"शेवटचं कधी भेटलात?"

"काल संध्याकाळी. हसत होती. लग्नाच्या साडीबद्दल बोलत होती."

"भांडण?"

"आमचं? कधीच नाही." त्याने घासणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "अक्का, शेल्टनला माफ करा. दारूच्या भरात केलं असेल. चिडून ती परत येणार आहे का? शांत व्हा तुम्ही."

सकाळपासून जो उठतो तो हेच सांगत होता. इनोकाने दात आवळले आणि तिथून निघाली.

रंगनच्या तिघा शिकाऊंपैकी एक इडा. डेन्मार्कची, विशीतली मुलगी. मागच्या गल्लीतल्या घरगुती लॉजवर तिने दार अर्धंच उघडलं.

"पोलीस आता आलात?" ती म्हणाली. "चार दिवसांपूर्वी आम्ही आलो होतो, तेव्हा कुठे होतात?"

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि हंसमाली. तुमच्या साहेबांनी सांगितलं, सीझन संपल्यावर या."

इनोका खाली बसली. "मला सांग. सगळं."

इडाने सांगितलं. त्याच्या आदल्या रात्री किनाऱ्यावर शेकोटी होती. सगळेच होते, रंगन, गामिणी, हॉटेलवाले. कुणीतरी हातात पेला दिला. पुढचं काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वाळूच्या टेकाडामागे शुद्ध आली तेव्हा अंगावर ओरखडे होते, फोन नव्हता, गळ्यातली आजीची साखळी नव्हती. "मला कळलं होतं माझ्याशी काय झालंय. फक्त कुणी केलं ते नव्हतं कळलं. हंसमालीने मला तिच्या घरी नेलं. ती म्हणाली, याआधीही दोघींचं असंच झालंय. त्या गप्प राहून घरी गेल्या."

"कुणावर संशय होता तिला?"

"आधी नव्हता. काल दुपारी ती आली." इडाने मूठ उघडली. नाजूक चांदीची साखळी. "ही परत आणून दिली. कुठे मिळाली ते सांगेना. नुसती रडत होती. म्हणाली, माझाच माणूस आहे. संध्याकाळी त्याला तोंडावर विचारते, उद्या आपण पुन्हा पोलिसात जाऊ."

माझाच माणूस. मामा? की होणारा नवरा?

इनोकाने साखळी हातात घेतली. कड्यांच्या फटीत काहीतरी तपकिरी अडकलं होतं. तिने वास घेतला. दोराला होता तोच.

"आज सकाळचा क्लास किती वाजता ठरला होता?"

"आठला. पण काल उशिरा रंगनचा निरोप आला, उजाडताच या, लाटा छान असतील." इडाने खांदे उडवले. "समुद्र तर तळ्यासारखा सपाट होता. आम्ही नुसते बोर्डावर बसून होतो."

"चल माझ्याबरोबर," इनोका उठत म्हणाली. "आता तुझं ऐकलं जाईल."

ती आधी रंगनच्या झोपडीत गेली, हवालदारांना घेऊन. मग दुपारी सगळ्यांना माडाखाली बोलावलं. ठाणेदार विक्रमरत्नही आले, घाम पुसत. गामिणी, रंगन, जीपमधून उतरवलेला शेल्टन. गाव गोळा झालं.

"शेल्टनला घेऊन चल आणि संपव," ठाणेदार पुटपुटले.

"शेल्टनने धमकी दिली होती गामिणीला," इनोका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दोर रोज आधी गामिणी तपासतो, हे गावाला माहीत आहे. म्हणून तुम्ही म्हणता, सापळा गामिणीसाठी होता. पण आज कुठला दिवस?"

"पोया," दोघं-तिघं म्हणाले.

"पौर्णिमेला पहाटे गामिणी कुठे असतो?"

सगळ्यांची नजर त्याच्या पांढऱ्या, डागाळलेल्या कपड्यांवर गेली.

"विहारात. वर्षानुवर्षं. गामिणीला मारायचं असतं तर दुसरा कुठलाही दिवस चालला असता. फक्त आजचा नाही. गामिणी, पोयाला झोका कोण तपासतं?"

"हंसमाली," गामिणी म्हणाला आणि वाळूत खाली बसला.

"म्हणजे सापळा तिच्यासाठीच होता. शेल्टनचं तिच्याशी वैर नव्हतं. आता हे बघा." तिने दोराचं टोक वर धरलं. "काप बुजवलाय. वास दालचिनीचा. शेल्टनची बायको दालचिनी सोलते, खरं आहे. पण दालचिनी सोलणाऱ्याच्या हाताला वास लागतो, मेण नाही लागत. हे मेण आहे. पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासतात ते. दुकानातल्या मेणाला दालचिनीचा वास नसतो. गलमुल्लमध्ये घरी मेण वितळवून त्यात दालचिनीचं तेल घालणारा एकच आहे."

रंगन हसला. सवयीचं, सैल हसू. "अक्का, माझं मेण मी अर्ध्या किनाऱ्याला वाटतो. आणि मी पाण्यात होतो. तिघं साक्षीदार आहेत."

"ते तिघं तू मुद्दाम जमवलेस. आठचा क्लास रातोरात उजाडताच घेतलास. लाटा छान असणार म्हणे! आयुष्य समुद्रात काढलेल्या माणसाला आज पाणी सपाट असणार हे कळलं नाही? दोर रात्रीच कापून ठेवला होता. असा आडवा माड चढायला माडी काढणाराच लागतो असं नाही, बोर्डावर तोल सांभाळणाराही चढतो. पडताना तू जवळ असायची गरजच नव्हती. गरज होती ती फक्त तू लांब दिसण्याची."

"मी तिला का मारेन? लग्न होतं आमचं!"

इनोकाने साखळी उचलून धरली. "ही इडाची. शुद्ध हरपलेली असताना तिच्या गळ्यातून काढलेली. काल हंसमालीला सापडली. कड्यांत तेच मेण आहे, कारण ती मेणाच्या वड्यांबरोबर ठेवलेली होती. संध्याकाळी तिने तुला विचारलं. तू म्हणतोस, साडीबद्दल बोलली."

तिने हवालदाराला खूण केली. त्याने बोर्डाची लांब पिशवी वाळूवर उलटी केली. फाडून पुन्हा शिवलेल्या अस्तरातून दोन फोन, एक अंगठी आणि गोळ्यांची छोटी बाटली खाली पडली.

"ही तुझ्या झोपडीतून आणली. इडा, फोन ओळखतेस?"

"निळा माझा," इडा म्हणाली. तिचा आवाज स्पष्ट होता.

रंगनचं हसू गळून पडलं. त्या हसण्याखालचा चेहरा कुणी कधी पाहिला नव्हता.

"या पोरी येतात, पितात, परत जातात!" तो किंचाळला. "कुणाचं काय बिघडलं होतं? सगळं नीट चाललं होतं! तिला सांगितलं, लग्नानंतर सोडतो हे सगळं. ऐकेना. या परक्या पोरीसाठी मला तुरुंगात घालायला निघाली होती!"

गामिणी उठला. कुणाला कळायच्या आत त्याने रंगनचा गळा धरला होता. शेल्टनने त्याला मागून मिठी घालून ओढला. "सोड, गामिणी. सोड त्याला. तुझ्या बहिणीकडे कोण बघणार मग?" दोघं तसेच वाळूत कोसळले आणि गामिणी शेल्टनच्या खांद्यावर हंबरडा फोडून रडला.

बेड्या घालताना इनोकाचे हात स्थिर होते. राग मात्र उतरला नव्हता. तो सगळा या एका माणसावर खर्च करण्याजोगा नव्हताच.

ठाण्यात पोचल्यावर विक्रमरत्न आपल्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांनी चहा मागवला, इडाकडे बघून गोड हसले. "मुली, झालं ते वाईट झालं. आता गुन्हेगार सापडला आहे. खुनाचा खटला भक्कम आहे. तुझं ते प्रकरण वेगळं नोंदवायची तशी गरज नाही. गावाचं नाव, तुझंही नाव..."

इडा दाराशीच उभी राहिली. समोर आणून ठेवलेल्या कपाला तिने हात लावला नाही.

खोलीत दुसरी खुर्ची नव्हती. इनोका टेबलापाशी गेली.

"साहेब, उठा."

"काय?"

"उठा म्हणते. तिला बसायचंय. बोलायला वेळ लागणार आहे."

विक्रमरत्नांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर. बाहेर ओसरीवर गामिणी, शेल्टन आणि त्यांच्यामागे निम्मं गाव येऊन उभं होतं. साहेब हळूहळू उठले.

इडा येऊन खुर्चीत बसली. इनोकाने पेन उघडलं.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. "काही गाळू नकोस."