कोऱ्या चित्राची हाक

कुंभारवाड्यात टेलिफोन दोनच. त्यातला एक उमाजीच्या पडवीत होता आणि तो लागायचा तेव्हा घरात सण असायचा. अठ्ठ्याण्णव सालचा मार्च महिना. बेळगावची कॉम्प्युटरची नोकरी सोडून उमाजी घरी आला होता तो बहिणीसाठी. शकुंतला जन्मांध, पण अंधशाळेत इंग्रजी शिकून तयार झालेली. बेळगावच्या एका संस्थेने तिला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच: एक एप्रिलपर्यंत इंटरनेटची पानं तिला स्वतःला वाचता आली पाहिजेत. ही संधी हुकली तर शकूचा जन्म चुलीपाशी जाणार होता.

त्याच्यापाशी नुसती अक्षरं दाखवणारा जुना ब्राउझर होता. अक्षरं आली की कॉम्प्युटरला जोडलेला बोलका डबा ती इंग्रजीत वाचायचा. पण नव्या पानांत चौकटी, बटणं, चित्रं. तिथे बिचारा एकतर मुका व्हायचा, नाहीतर बरळायचा. उमाजी दुपारभर बसून त्याला नवं शिकवत होता. चौकटी जमल्या. चित्राला नाव दिलेलं असलं तर डबा ते वाचायचा, नसलं तर 'पिक्चर' म्हणून पुढे सरकायचा.

एकदा हवामानाच्या पानावर, बिननावाच्या चित्रापाशी, डबा थांबला.

"शकू."

डब्याला मराठी येत नव्हतं. उमाजीने पानाची ओळ न ओळ तपासली. चित्र ढगाचं होतं. नाव कोरं होतं.

"आप्पा अशीच हाक मारायचा," शकुंतला म्हणाली.

आप्पा, म्हणजे त्यांचा बाप झिलू, तीन वर्षांपूर्वी मध काढायला रानात गेला तो गेलाच. कोयतासुद्धा सापडला नाही.

"ओ दिलीस काय?" उमाजीने विचारलं.

"न्हाई. एका हाकेला कोण ओ देतंय, अण्णा?"

माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नाही, ते एकदाच मारतं. तिसऱ्या हाकेशिवाय रानात ओ द्यायची नाही, हे आप्पानेच दोघांना शिकवलेलं. उमाजी हसला. मेमरीतलं काहीतरी जुनं सटकलं असेल, म्हणाला, आणि कामाला लागला. दिवस थोडे उरले होते.

"चुलीकडं गेलं की वाचलेलं निसटतंय," दोन दिवसांनी शकुंतलाने तक्रार केली. "परत म्हणाय लाव की त्याला."

काम सोपं होतं. तिने कळ दाबली नाही तर दहा सेकंद थांबून डब्याने तेच पुन्हा म्हणायचं. किती वेळा, याचा उमाजीला विचारही करावा लागला नाही. तीन, असं त्याने लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परसात तोंड धूत होता. आत डबा हवामान वाचत होता. मग थांबला.

"शकू."

उमाजी पाणी निथळत उभा राहिला.

"शकू."

आपण काय लिहून ठेवलंय, ते त्याला आत्ता कळलं. तो धावला. ओल्या दगडावर पाय सरकला, गुडघा फुटला.

"शकू."

"ओ, आप्पा!" आतून शकुंतला म्हणाली. इतक्या आनंदाने ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

खुर्ची रिकामी होती. काठी भिंतीला टेकलेली होती. रानाकडचं दार उघडं होतं.

आठ दिवस सगळा गाव शोधत होता. नवव्या दिवशी उमाजीने टेलिफोनची वायर उपटली, विजेचा प्लग काढला आणि डबा पोत्यात घातला.

"पिक्चर," पोत्यातून आवाज आला. "सागाखाली दोघं. पाठमोरी."

उमाजीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"अण्णा."

तो मनात आकडे मोजू लागला. सात. आठ. नऊ.

"अण्णा."