दोनशे मोज

"पिशवी, पळ! मावशीच्या सगळ्या गोळ्या उद्या फेकून देणार आहेत!" वकील धापा टाकत ओरडला.

गाडी लागते म्हणून ती प्रवासात कायम पिशवी धरून बसे. भावंडांनी तिचं नावच 'पिशवी' पाडलं होतं, तसं सतत वाद घालणाऱ्या भावाचं 'वकील'. तिच्यासाठीच मावशीने औषधांच्या कारखान्यात आल्याच्या अर्काच्या, चघळायच्या गोळ्या करायला घेतल्या होत्या. त्या पुऱ्या होण्याआधीच मावशीला घाटापलीकडच्या इस्पितळात हलवावं लागलं. पिशवी भेटायला निघाली, पण तिसऱ्याच वळणावर उलट्यांनी बेजार होऊन परतली. "पुढच्या आठवड्यात जाऊ हं," आई म्हणाली होती. मावशी तेवढे दिवस थांबली नाही.

भावंडं कारखान्यात शिरली. धाकट्या टिल्लूने नाक वर केलं. "अबब! केवढा हा आल्याचा वास!"

पिशवीने ट्रेमधली गोळी हुंगली. नुसती साखर! "वास खोलीभर आहे, मग गोळीत का नाही?"

"उडून गेला, दुसरं काय!" वकील म्हणाला.

"तुझ्या मावशीच्या वहीप्रमाणेच केलंय सगळं," देखरेखीवरचे काका वैतागले. "पाक उकळला, अर्क घातला. पण चाचणीत एकालाही गुण नाही!"

"उकळत्या पाकात?" पिशवीने हातातली गोळी खाली ठेवली. "मावशी आधी पातेलं खाली उतरवायची. मला म्हणायची, 'दोनशे मोज.' माझे आकडे संपले की मगच अर्क!"

"वहीत नाही तसं काही."

"वहीत कशाला लिहील? मोजायला मी होते ना!"

आपल्याला गप्प बसवण्यासाठीच तो खेळ आहे, असं तिला इतके दिवस वाटत होतं.

"एकच पातेलं द्या, काका," वकिलाने बाजू मांडली. "फसलं तर उद्या तेही फेका! तुमचं काय जातंय?"

काकांनी नवा पाक उकळायला ठेवला. पातेलं उतरलं. पिशवी मोजू लागली. एकशे सत्तरवर तिला हुंदका आला; पुढचे तीस टिल्लूने तिचा हात धरून म्हटले.

चार दिवसांनी चाचणीची बस घाटात शिरली. गालात गोळी धरून पिशवी खिडकीशी बसली होती. तिसरं वळण गेलं. नववंही गेलं! मांडीवरच्या पिशवीची घडीसुद्धा मोडली नाही.

"शाब्बास, पोरी!" काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "चूक आम्हा मोठ्यांची. आता वहीत तुझे दोनशे लिहितो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बस थांबली. समोरच इस्पितळ होतं.

पिशवीने वरच्या खिडक्यांकडे पाहिलं.

"एवढंच अंतर होतं?" तिने विचारलं.